टाकीत कोण उतरतं?

दोस्तांनो, ३१ जुलै तुम्हाला पाठ आहे. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले. दरसाल आपण तिथं जमतो. पावसात चिखल तुडवत डोंगर चढतो, पुस्तकं घेतो, गाणी ऐकतो, घसा बसेपर्यंत जयभीम करतो. चांगलं करतो. आता मला ३१ ऑगस्ट सांगा. काय झालं होतं त्या तारखेला?

बघा, गप्प झालात.

शिरपूर तालुक्यातलं वाघाडी. ३१ ऑगस्ट २०१९, शनिवार, सकाळची वेळ. रसायनाचा कारखाना फुटला. किमान १३ माणसं मेली. कितीतरी भाजली. आवाज आजूबाजूच्या गावांत गेला, विषारी हवा येईल म्हणून लोक घरंदारं टाकून निघाले. सरकारनं मेलेल्यांच्या वारसांना पाच पाच लाख जाहीर केले. मंत्री आले, कॅमेरे आले, चौकशी होणार असं सांगून गेले. लांडोर बंगल्यापासून एका गाडीच्या टप्प्यावरचं गाव. आपल्यातलं किती जण तिथं गेलं? मी गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. मी त्या दिवशी घरी बसून मोबाईलवर बघत होतो नि मला घाम फुटला होता. त्याचं कारण पुढं येईल.

पण त्याआधी त्या दोन शब्दांचा समाचार घेऊ. ‘मानवी चूक.’ कुठंही पीप फुटू दे, कुठंही बॉयलर उडू दे, दुसऱ्या दिवशी पेपरात हे दोन शब्द येतात. मानव म्हणजे कोण? बोर्डावरचा मालक मानव नसतो. प्लॅन मंजूर करणारा मानव नसतो. टाकीला माणूस जाईल एवढं भोक ठेवलं नाही, तो इंजिनिअर मानव नसतो. मानव म्हणजे रोजंदारीवरचं पोरगं. आयुष्यभर ज्याला मानव म्हणायला कोणी तयार नव्हतं, त्याला मेल्यावर मानव करतात, कारण चूक कोणाच्या तरी खात्यावर टाकायची असते.

मी जळगावच्या एमआयडीसीत सहा वर्षं काम केलं. ठेकेदाराकडून. कारखान्याचं नाव लिहीत नाही. का, तेही पुढं येईल. तिथली पहिली शिकवण म्हणजे गूळ. गेटवर मुकादम गुळाचा खडा हातावर ठेवायचा. “खाई ले भो, काही होत नाही.” गूळ खाल्ला की छातीतला गॅस बाहेर पडतो म्हणे. दूध प्यालं की विष उतरतं म्हणे. मी सहा वर्षं गूळ खाल्ला. कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात गुळानं फुफ्फुस धुतलं जातं असं नाही, पण गूळ किलोला चाळीस रुपये होता नि श्वासाचं यंत्र हजारांच्या हिशेबात. हिशेब साधा होता.

दुसरी शिकवण म्हणजे फडकं. नाकाला ओलं फडकं बांध नि घुस. फडक्यानं धूळ अडते, वायू अडत नाही. कॉटनचं काय नि सुती रुमालाचं काय, वायूला ते दार उघडंच. वेगळ्या वायूला वेगळं गाळणं लागतं, नि टाकीत प्राणवायूच कमी असेल तर कुठलंच गाळणं कामाचं नाही. तिथं बाहेरून हवा देणारी नळी लागते, नाहीतर पाठीवरची टाकी. हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. माणूस गेल्यावर मी स्वतः वाचलं.

माझा मावसभाऊ होता तो. वय बावीस. बारावी पास, इंग्रजी वाचता यायचं, म्हणून तर त्याला मीच लावला होता कामाला. सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायचा होता. दिवाळीआधी. मुकादम म्हणाला, “तठे काय से, नुसता गाळ से. दहा मिनिटनं काम से.” पोरगा उतरला. चार पायऱ्या उतरला असेल. आवाज नाही, ओरडणं नाही, नुसता खाली बसला. वर असलेला दुसरा त्याला धरायला उतरला, तोही बसला. तिसरा मी. माझी चप्पल काढून झाली होती. मागून एका म्हाताऱ्या मेहतरानं माझा शर्ट धरला नि असा हिसका दिला की बटणं तुटली. तो काही शिकलेला नव्हता. पण त्याचं खानदान गटारात गेलेलं. त्याला माहीत होतं की जो पहिल्यामागं उतरतो तो मरतो.

हे आता विज्ञानाच्या भाषेत ऐका, कारण हे पाठ करायची गोष्ट आहे. गाळ सडतो तेव्हा हायड्रोजन सल्फाईड नावाचा वायू होतो. चामड्याच्या नि रंगाच्या धंद्यात वापरतात त्या सोडियम सल्फाईडवर ॲसिड पडलं तरी तोच होतो. हवेहून थोडा जड, म्हणून खड्ड्यात बसून राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखी घाण येते. दहा लाख भाग हवेत शंभर भाग झाला की नाकच बधिर होतं. वास थांबतो. माणसाला वाटतं गॅस गेला. नि हजाराच्या घरात गेला की एकदोन श्वासांत माणूस खलास. म्हणजे वास येतोय तोवर पळायला वेळ आहे, वास थांबला म्हणजे वेळ संपली. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून आधी ‘काही नव्हतं’ नि फावडं घातल्याबरोबर माणूस पडला, असं होतं. अमेरिकेतल्या नायॉश नावाच्या सरकारी संस्थेनं १९८६ साली सांगून ठेवलंय की बंद जागेतल्या मृत्यूंत अर्ध्याहून जास्त माणसं वाचवायला गेलेली असतात. आमच्या टाकीवर तेच. एक मेला कामानं, दुसरा मेला मायेनं.

नि कायदा? कायदा होता राव! १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात ३६ वं कलम होतं. टाकीत, खड्ड्यात, नळात वायू असण्याची शक्यता असेल तर माणूस आत घालायचा नाही. माणूस निघेल एवढं तोंड असलं पाहिजे. वायू काढून टाकला पाहिजे. जाणकारानं स्वतः तपासून लेखी दाखला दिला पाहिजे, नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वासाचं यंत्र नि कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, नि त्या दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. मी हे कलम वाचलं तेव्हा दोरापाशी थांबलो. दिल्लीत बसून हे लिहिणाऱ्याला कळत होतं की आत गेलेला माणूस कोणाच्या तरी हाताशी बांधलेला पाहिजे. आमच्या कारखान्यात दोर होता. कापडाच्या गठ्ठ्यांना बांधायला.

मग कागद. तिसऱ्या दिवशी ठेकेदार मावशीच्या घरी आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली, आत आला, चहा प्याला. दोन लाख रोख. आमची पुढं काही तक्रार नाही, मुलगा स्वतःच्या चुकीनं मेला, असं लिहून द्यायचं. मावशीला वाचता येत नाही. ती माझ्याकडं बघत होती. “बाबा, तू शिकेल से. काय करू?” मी म्हणालो, घे. साक्षीदार म्हणून सही कोणाची? माझी. म्हणून कारखान्याचं नाव लिहीत नाही. ज्यानं सही केली त्याला बोंब मारायचा हक्क कितपत, ते तुम्ही ठरवा.

पुढचं ऐका, खरी चीड इथं आहे. तेव्हा कामगारांच्या भरपाईचा १९२३ चा कायदा लागू होता. त्यात स्पष्ट लिहिलेलं की भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्द. नि कामगार मेला तर पैसे घरात नेऊन द्यायचे नसतात, आयुक्ताकडं जमा करायचे असतात. परस्पर दिले तर ते दिले असं धरलंच जात नाही. म्हणजे माझ्या सहीचा तो कागद रद्दी होता! ठेकेदाराला हे ठाऊक होतं. मला नव्हतं. मला कळलं तेव्हा अर्जाची दोन वर्षांची मुदत उलटून गेलेली. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, हे त्याहूनही नंतर कळलं. मी तेव्हा तुमच्यासारखाच कार्यकर्ता होतो. जातिप्रथेवर दोन तास बोलू शकत होतो. १९२३ चा कायदा मला माहीत नव्हता.

आता हा प्रश्न घेऊन मी दोन दारांत गेलो ते सांगतो. युनियनच्या ऑफिसात गेलो. ते म्हणाले, कॉम्रेड, प्रश्न बरोबर आहे, पण यात जात आणू नका, वर्ग फुटतो. आपल्या माणसांकडं आलो. ते म्हणाले, भाऊ, हा कामगारांचा प्रश्न, युनियनवाल्यांना द्या, आपला अजेंडा वेगळा. दोन्ही दारांत चहा मिळाला.

युनियनवाल्यांना मी विचारलं होतं, मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात का घेत नव्हते? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आपली थुंकी लागेल म्हणून. जास्त पगाराचं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तेच तर मागितलं, आधी हे खातं उघडा. तेव्हा वर्ग कोणी फोडला होता? आज आपल्या थुंकीचं कोणाला काही नाही, कारण आपल्याला आत घेतात ते थेट टाकीत. सोवळं मोडलं असं समजू नका. सोवळ्यानं फक्त खातं बदललं. आमच्या कारखान्यात लॅबमध्ये कोण, स्टोअरला कोण, गेटवर कोण, ते लिहीत बसत नाही. टाकी, भट्टी नि पिपं धुण्यावर कोण ते सांगतो. दोन आपले, तीन मातंग, तो म्हातारा मेहतर, नि बाकी पावरा, भिल्ल, सातपुड्यातनं खाली आलेले. हजेरीच्या वहीत जात लिहीत नाहीत. लिहायची गरजच पडत नाही.

नि आपल्या माणसांना विचारतो, बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात कुठल्या खात्याचे मेंबर होते? मजूर. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले. खाली, दोस्तांनो, जिथं माणूस काम करतो तिथं. ४८ तासांचा आठवडा १९४६ च्या कायद्यानं आला, त्यामागं कोण होतं? मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वे कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीचंही नाव घेतलं होतं. मनमाड काही लांब नाही, पॅसेंजरनं जाता येतं. आपण त्यातलं पहिलं नाव घेतो, दुसरं गिळतो. कारण दुसऱ्याकडनं वर्गणी येते. १४ एप्रिलच्या कमानीवर एमआयडीसीतल्या किती मालकांचे फोटो असतात, मोजून या.

आणखी एक झोंबणारं. गटारात मेहतर मेला तर आपण निवेदन देतो का? तो ‘त्यांचा’ प्रश्न होतो. सुप्रीम कोर्टानं २७ मार्च २०१४ ला गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २० ऑक्टोबर २०२३ ला ते तीस लाख केलं. ती लढाई सफाई कामगारांनी स्वतः लढली. आपण बाजूला उभे होतो. ज्यानं माझा शर्ट धरला त्याच्या वस्तीत माझा पाय त्या दिवसापर्यंत पडलेला नव्हता.

भोपाळ माहीत आहे ना? २ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाईडच्या टाकीत पाणी शिरलं, सुमारे चाळीस टन मिथाईल आयसोसायनेट उसळलं नि वस्त्यांवर पसरलं. हजारो माणसं मेली. भुसावळवरून वर जाणाऱ्या गाडीचंच स्टेशन ते. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण घातलं गेलं. कारखान्यात काय रसायन आहे, त्यानं काय होतं, सुटलं तर काय करायचं, हे मालकानं कामगारांना नि आसपासच्या लोकांना सांगायचं. कामगाराच्या तब्येतीची नोंद ठेवायची नि त्याला दाखवायची. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर कामगारानं बोलायचं. इतकी माणसं मेली तेव्हा कुठं ‘मला भीती वाटते’ एवढं म्हणायचा हक्क मिळाला. नि त्या कारखान्यात उरलेला विषारी कचरा, ३३७ टन, चाळीस वर्षांनी २०२५ मध्ये पिथमपूरला नेऊन जाळला. आपल्याच आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा करत वर गेलं की त्याच अंगाला आहे ते.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो १९४८ चा कायदा गेला. नव्या संहिता आल्या. बोलायचा हक्क त्यात आहे, माहिती द्यायची जबाबदारीही आहे, खोटं कशाला बोलू. पण विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत बारा माणसांवर चालणारे किती शेड आहेत, तुम्हीच बघा. दोरासारख्या बारीक गोष्टी कायद्याच्या पोटातून काढून मानकं नि नियमांवर सोडल्या. नि इन्स्पेक्टरचं नवं नाव काय? निरीक्षक-नि-सुविधाकर्ता. सुविधा कोणाची, हे नावात नाही.

इकडं माणसं मरतच आहेत. १८ एप्रिल २०२३, साक्री तालुक्यात जैताणे-निजामपूरजवळ मेणबत्तीच्या कारखान्याला आग, चार बाया जळून मेल्या. केकवर लावतात ना तडतडणारी फुलझडी, ती बनवत होत्या. कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस. त्याच सालच्या डिसेंबरात पुण्याजवळ तळवड्याला तसल्याच कारखान्यात पुन्हा बायाच. १७ एप्रिल २०२४, जळगाव एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्याला आग, वीसेक माणसं भाजली, त्यातली काही गेली. त्याच्या तीन दिवस आधी आपल्याकडं मिरवणुका झाल्या होत्या. महिन्याभरानं डोंबिवली, जिथं २०१६ सालीही असाच स्फोट झालेला.

मग काय करायचं, असं विचाराल. मोर्चा काढा, पण मेल्यावर नको. मी म्हणतो, आधी पीप वाचा. प्रत्येक पिपावर चिठ्ठी असते. लाल चौकट, आत काळं चित्र. ज्वाळा म्हणजे पेटतं, कवटी म्हणजे मारतं, हातावर थेंब म्हणजे चामडी खातं, छातीत तारा म्हणजे आतून हळूहळू पोखरतं. हे वाचायला इंग्रजी लागत नाही. प्रत्येक रसायनाचा सोळा भागांचा एक कागद असतो, सुरक्षा माहितीचा. चौथ्या भागात प्रथमोपचार, आठव्यात कुठलं मोजं नि मुखवटा. तो कागद मागा. इंग्रजीत आहे म्हणाले तर आपली एवढी बीएस्सी झालेली पोरं आहेत, त्यांना बसवा, मराठीत करा, अहिराणीत करा, सायक्लोस्टाईल काढा. कविता नंतर छापू.

त्यात हे घाला. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात कधी नाही, उसळून तोंडावर येतं. नायट्रिक सांडलं तर भुसा नि गोणपाट टाकायचं नाही, पेटतं. त्याचा तपकिरी धूर छातीत गेला तर माणूस संध्याकाळी चालत घरी येतो, जेवतो, नि रात्री फुफ्फुसात पाणी भरून गुदमरतो. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणणाऱ्याला घरी न्यायचं नाही, दवाखान्यात ठेवायचं. अंगावर पडलं तर कपडे काढून निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली. लाज बाळगू नका, बायांसाठी आडोसा आधीच करून ठेवा. नि टाकीत पडलेल्यामागं उतरायचं नाही. भाऊ असला तरी नाही. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण लिहितो.

४ मार्चला गेटवर सुरक्षा दिनाचा बॅनर लागतो, साहेब हेल्मेट घालून फोटो काढतात. त्या दिवशी गेटबाहेर हा कागद वाटा. पुढच्या ३१ जुलैला लांडोर बंगल्याच्या पायथ्याशी वाटा. तिथं येणाऱ्यातला प्रत्येक तिसरा माणूस कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये राबतो.

एक राहिलं. आपल्या वस्तीत पाणी भरून ठेवायला निळी पिपं असतात. भंगारवाल्याकडनं घेतलेली, स्वस्त. विषारी रसायनाचं रिकामं पीप हा २०१६ च्या नियमांत धोकादायक कचरा आहे, ते असं विकायचंच नसतं. मावशीच्या दाराशी एक आहे. मावसभावानंच आणलं होतं, पहिल्या पगारात. चिठ्ठी खरवडून काढलेली, कोपरा तेवढा राहिलाय, लाल रेघ नि काळ्या चित्राचा अर्धा तुकडा. हातावरचा थेंब आहे की कवटी, कळत नाही. मी दोनदा म्हणालो, मावशी, हे टाकून दे, मी नवं आणतो. ती म्हणते, राहू दे, त्याचं आणलेलं से. कालही तिनं त्यातनंच तांब्या बुडवून मला पाणी दिलं.